लाव्ह्याचा मणी, पळसाची लाख, कापसाची चांदी

दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईच्या तोंडावर अमरावती-अकोल्यात ‘प्रदर्शन व विक्री’चे फलक लागू लागतात. कुठे मंगल कार्यालय, कुठे हॉटेलचा हॉल, कुठे मैदानावरचा मंडप. आत साड्या, ड्रेस मटेरियल, ऑक्सिडाइज्ड दागिने, मोत्यांचे सर, आणि कोपऱ्यात जुनी नाणी, अडकित्ते, पितळी डबे मांडून बसलेला एखादा माणूस. गर्दी भाव विचारत पुढे सरकते. या पसाऱ्यात लालसर तपकिरी मण्यांची एखादी माळ बहुधा असतेच. विकणारा तिला अकीक म्हणतो. मणी अस्सल असेल, तर ज्या खडकाच्या पोटात तो वाढला त्या खडकाचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं आहे. मंडपातली दुसरी कुठलीही ‘व्हिंटेज’ वस्तू या वयाच्या जवळपासही पोचत नाही.

अशी प्रदर्शनं पाहायचा मला नाद आहे. खरेदी थोडी, पाहणं फार. मुंबईत दरवर्षी भरणारा ‘इंडिया इंटरनॅशनल ज्वेलरी शो’ हा व्यापाऱ्यांचा मेळा. तिथे नुसत्या हौशी माणसाला प्रवेश नाही. आपल्याकडे उलट. इथे स्टॉलवरची बाई स्वतःच म्हणते, “हात लावून पाहा नं ताई, पाहाले काय पैसे लागते?” आणि हात लावून पाहू लागलं की एक नवल हळूहळू ध्यानात येतं. वऱ्हाडात नटण्यासाठी जे जे वापरलं गेलं, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा माग काढत गेलो की पाय एकाच ठिकाणी येऊन थांबतात: आपल्या पायाखालच्या काळ्या खडकावर.

खडकाच्या जाळीतले मणी

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. थरावर थर चढत गेले. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बाहेर निघू पाहत होते. तव्यावरच्या धिरड्याला जाळी पडावी तशी त्या खडकाला जाळी पडली. पुढे हजारो-लाखो वर्षं सिलिका विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिलं आणि पोकळीच्या भिंतीवर सिलिकाचे पापुद्रे बसत गेले. तोच अकीक. मणी उजेडासमोर धरला की आत ज्या वळणदार रेघा दिसतात, ते हे पापुद्रे.

वरचा काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट, ऊन-पावसात कुजतो आणि त्याची काळी कसदार माती होते. अकीक मात्र कुजत नाही. म्हणून नदीच्या पात्रात, वखरलेल्या शेतात त्याचे गोटे सुटे पडलेले सापडतात. लहानपणी ज्या गारगोट्या एकमेकींवर घासून आपण ठिणग्या पाडल्या, त्या याच गोतावळ्यातल्या.

गोट्याचा रंग मुळात फिका, पिवळट असतो. त्याला लाल करते ती आच. दगडात लोहाचा अंश असतो. मंद आचेवर दीर्घकाळ तापवला की त्या लोहातलं पाणी निघून जातं आणि रंग तांबडा होतो. ही युक्ती सिंधू संस्कृतीच्या कारागिरांना साडेचार हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती. तांबड्या मण्यावर क्षाराने नक्षी रेखायची आणि मणी पुन्हा तापवायचा, की तेवढ्याच रेघा कायमच्या पांढऱ्या होतात, हेही ते जाणत होते. आज बाजारात येणारा अकीक बहुतेक गुजरातेतल्या खंबायतच्या कारागिरांकडून येतो, पण त्यातला पुष्कळसा दगड त्याच लाव्ह्याच्या थरांतून सुटलेला.

वऱ्हाडाशी या मण्यांचं नातं आणखी एका माणसामुळे जुळतं. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी अशा नक्षीच्या मण्यांवर १९४९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे प्राचीन भारतीय काचेवरही लिहिलं. याच दीक्षितांनी अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूरला उत्खनन केलं. लोकमानसात हे रुक्मिणीचं माहेर. ज्या गावाचं नाव लग्नाच्या कथेमुळे घरोघरी पोचलं, तिथे मण्यांचा एवढा जाणकार कुदळ घेऊन उतरावा, हा योग मला फार आवडतो. नागपूरजवळचं माहूरझरी तर मणी घडवणारं प्राचीन केंद्र म्हणूनच अभ्यासकांना माहीत आहे.

प्रदर्शनात मणी हातात आला की आधी भोक पाहावं. हाताने घडवलेल्या दगडी मण्याला बऱ्याचदा दोन्हीकडून भोक पाडून मध्ये गाठलेलं असतं. आत किंचित पायरी दिसते. काचेच्या मण्यात भिंगाखाली बारीक गोल बुडबुडे दिसतात. प्लॅस्टिक गालाला लावलं की कोमट लागतं, दगड गार.

उल्केच्या तळ्यातली काच

आता बांगड्यांच्या स्टॉलकडे या. काच म्हणजे मुख्यतः वाळू. पण नुसती शुद्ध वाळू वितळायला सतराशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. जुन्या भट्टीला ते झेपणारं नव्हतं. त्यात सोडा घातला की वाळू कितीतरी कमी उष्णतेत वितळते. म्हणून काच करणाऱ्याला वाळूपेक्षा सोड्याची चिंता जास्त.

तो सोडा वऱ्हाडात एका अजब जागी मिळायचा. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला उल्का आदळली आणि बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. बेसॉल्ट खडकात पडलेलं आणि इतकं शाबूत राहिलेलं विवर जगात विरळाच. त्यात पाणी साठलं. पाण्याला बाहेर जायला वाट नाही. उन्हाळ्यात ते आटतं आणि क्षार मागे राहतात. पाणी इतकं क्षारयुक्त, की त्याचा सामू दहाच्या घरात. काठावर जमणारा हा क्षार गोळा करून विकला जायचा आणि बांगड्यांची काच करायला, साबणाला वापरला जायचा. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारच्या काच-साबणाच्या या कच्च्या मालाची दखल घेतली आहे. आभाळातून धोंडा पडला आणि त्याच्या खड्ड्यातल्या क्षाराने कासाराची भट्टी पेटली, इतका लांबचा प्रवास एका काकणामागे असू शकतो.

किड्याने केलेला भराव

जुन्या दागिन्यांच्या स्टॉलवर हातात एखादा जाडजूड गोट किंवा तोडा येतो. एवढं सोनं कुणाला परवडलं असेल, असं वाटतं. विचारायचं एवढंच, “भरीव आहे की लाखेचा?” पातळ पत्र्याची पोकळ नळी करून तिच्यात लाख भरायची, ही सोनारकामातली जुनी रीत. लाखेने दागिन्याला आकार आणि ताकद येते, पत्रा चेपत नाही.

लाख हा पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या इवल्याशा कीटकाचा स्राव. मादी झाडाचा रस शोषते आणि अंगाभोवती राळेचं कवच करते. फांदीवर हजारो माद्यांची कवचं एकमेकांना चिकटून खडबडीत पापडी होते. ती खरवडून, वितळवून, गाळून लाख तयार होते. किलोभर लाखेमागे लाखो जिवांचे कष्ट असतात. फाल्गुनात रानोमाळ पेटल्यासारखा दिसणारा पळस या किड्याच्या आवडत्या झाडांपैकी एक.

गंमत म्हणजे त्याच प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर ग्रामोफोनच्या जुन्या काळ्या तबकड्या असतात, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. व्हायनल येण्याआधीच्या या तबकड्या लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून दाबलेल्या असत. म्हणून त्या जड, आणि हातातून सुटल्या की तुकडे. आजीच्या गोटातला भराव आणि आजोबांच्या ग्रामोफोनमधला सूर हे एकाच किड्याचं देणं.

लाखेचा दागिना मोडायला नेला की सराफ लाख जाळून काढतो आणि वजन झर्रकन उतरतं. शिवाय जोडांना दिलेला डाख कमी कसाचा असतो. वितळल्यावर तोही सोन्यात मिसळतो. सराफ ‘घट’ धरतो त्यामागे हे रसायन आहे. घडणावळ तर परत मिळतच नाही.

कापसाने आणलेली चांदी

आता त्या खडकाच्या मातीकडे. काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून कोरडवाहू वऱ्हाडात कापूस झाला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला, आणि इंग्लंडच्या गिरण्या वऱ्हाडकडे पाहू लागल्या. लिव्हरपूलच्या बाजारात इथल्या कापसाची जात अमरावतीच्याच नावावरून ‘उमरा’ म्हणून बोलली जायची. १८६७ मध्ये वऱ्हाडातून जाणारा लोहमार्ग नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावचा आणि १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा सुरू झाला. हे दोन्ही फाटे मुख्यतः कापसासाठी.

कापूस गेला आणि बदल्यात चांदी आली. त्या तेजीत कुणब्यांनी बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा चढवल्याच्या गोष्टी पुढे कितीतरी वर्षं सांगितल्या गेल्या. धावांचं खरं-खोटं काहीही असो, चांदी बायकांच्या अंगावर आली हे नक्की. बँक दूर होती. दंडातली वाकी आणि पायातले तोडे जवळ होते. पीक बुडालं की दागिना गहाण, पीक साधलं की सोडवून पुन्हा अंगावर.

ही चांदी यायची राणीछाप रुपयांच्या रूपात. व्हिक्टोरियाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. सोनाराला वजनकाटाही लागत नसे. वीस रुपये मुशीत टाकले की वीस तोळ्यांचा ऐवज. रुपयांना कड्या लावून केलेल्या माळा आजही जुन्या बाजारात दिसतात. अशी माळ हाती आली तर नाण्यावरचं साल वाचा. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. एकाच माळेत शेजारी शेजारी लटकणाऱ्या दोन रुपयांमध्ये असा जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

कापसाचं तेच खामगाव आज ‘रजतनगरी’ म्हणून ओळखलं जातं. चांदीची भांडी, मूर्ती, देव्हाऱ्याचं सामान घ्यायला लोक लांबून येतात. अकोल्याहून तासा-दीड तासात पोचता येतं. हौशी माणसाने धनत्रयोदशीची गर्दी टाळून एरवी जावं. मग कारागिराला दोन प्रश्न विचारता येतात.

चांदी की नुसता चांदीचा भास

प्रदर्शनातल्या ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिन्यांचं आकर्षण मोठं. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे; पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. कारागीर मुद्दाम गंधकाची संयुगं वापरून हा काळेपणा आणतात आणि उंचवटे घासून उजळवतात, म्हणजे नक्षी उठून दिसते. पण स्टॉलवरचा बराचसा माल चांदीचा नसतोच. तो असतो जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत गिलटाचा. तांबं, निकेल आणि जस्त. चांदीचा कणही नाही. फसवणूक म्हणायची नाही, कारण भावच ते सांगतो. फक्त गिलट चांदीच्या भावात घेऊ नये. निकेलने काहींच्या कातडीला खाज सुटते, हेही ध्यानात ठेवावं.

घरी आणल्यावर पारख करायला आर्किमिडीज पुरतो. चांदीची घनता १०.५, गिलटाची साधारण ८.६. छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा आणि दागिना दोऱ्याने पाण्यात बुडवून तळाला न टेकवता धरा. काटा दाखवेल तेवढ्या ग्रॅमचं पाणी दागिन्याने सारलं. ५० ग्रॅमची भरीव चांदीची साखळी सुमारे ४.८ दाखवेल, गिलटाची ५.८. एका ग्रॅमच्या फरकात धातू आपली जात सांगतो. पोकळ किंवा खड्यांच्या दागिन्याला मात्र ही परीक्षा लागू नाही.

सोन्यासाठी सराफाकडे कसोटीचा काळा दगड असतो. त्यावर सोनं घासून रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढायची आणि दोन्हींवर नायट्रिक आम्ल फिरवायचं. आम्ल तांबं आणि चांदी विरघळवतं, सोन्याला हात लावत नाही. जी रेघ जास्त फिकी पडेल तिच्यात भेसळ जास्त. तरबेज डोळ्याला यातून कसाचा बराच नेमका अंदाज येतो. हौशी गिऱ्हाइकाला तो डोळा नाही, म्हणून हॉलमार्क. १६ जून २०२१ पासून आधी देशातल्या २५६ जिल्ह्यांत आणि पुढे टप्प्याटप्प्याने आणखी जिल्ह्यांत सोन्याला तो सक्तीचा झाला. त्रिकोणी चिन्ह, २२ कॅरटसाठी ९१६ असा आकडा आणि सहा अक्षरं-अंकांचा एचयूआयडी, अशा तीन खुणा. हा सहा अक्षरी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की त्या दागिन्याची नोंद समोर येते.

जर, बोहारीण आणि कापडाचा धागा

अमरावतीत कापड पाहायचं तर प्रदर्शनाबाहेरही जावं. नागपूर महामार्गावर बिझीलँड, सिटीलँडसारखी घाऊक कापडाची संकुलं उभी आहेत आणि नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यान आकार घेतंय. त्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात झाली. त्याआधीचं वऱ्हाड हातमागाचं होतं. बाळापूरच्या पगड्या आणि अकोटच्या सतरंज्या यांची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने घेतली आहे.

जुन्या साड्यांच्या स्टॉलवर पाहायची ती जर. अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची बारीक पट्टी, तिच्यावर सोन्याचा मुलामा. नंतर तांब्याची जर आली, मग चमकत्या पॉलिएस्टरची. काठाच्या मागच्या बाजूचा सुटलेला धागा नखाने खरवडला की आत लाल-पिवळं रेशीम दिसतं, तांबं दिसतं, की नुसतंच पांढरं प्लॅस्टिक, यावरून काळ आणि किंमत दोन्ही कळतात. जुन्या साडीवर भांडी देणारी बोहारीण आधी काठ का चाचपायची, ते यातून उमगतं. साडी जाळून राखेतून चांदी काढणारे लोक त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला होते. कितीतरी पैठण्या अशा मुशीत गेल्या. म्हणून जी उरली आहे तिचं मोल आहे.

मेळघाटातला फॅशन शो

सजलेली माणसं पाहायची असतील तर दिवाळीनंतर मेळघाट गाठा. धारणी, हरिसाल आणि आसपासच्या आठवडी बाजारांत तेव्हा घुंगरू बाजार भरतो. वर्षभर गावाची गुरं राखणारे थाट्या, म्हणजे गोंड गुराखी, त्या दिवसांत डोक्याला फेटा, फेट्याला तुरा, डोळ्यांवर काळा चष्मा आणि अंगावर घुंगरू घालून ढोल-बासरीवर नाचत बाजारात फिरतात आणि दुकानदारांकडून ओवाळणी मागतात. वर्षभर जंगलात राहणाऱ्या माणसाने आपल्या हौसेने ठरवलेला हा पेहराव. त्याच बाजारात कोरकू बायका चांदी आणि मणी पारखून घेताना दिसतात. त्यांचं घेणं पाहणं हा एक धडा आहे: आधी वजन, मग जोड, मग नक्षी, सर्वांत शेवटी भाव. फोटो काढायचा असेल तर विचारून काढावा.

नाणी, नखं आणि कायदा

जुन्या वस्तूंच्या टेबलावर एक गोष्ट हमखास दिसेल: १८१८ सालचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचा, मागे राम-सीता किंवा हनुमान असलेला ‘चमत्कारी’ आणा. असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. ते नंतर कुणीतरी तयार केलेलं टोकन आहे, लाखो रुपयांच्या कथांसकट.

खरा चमत्कार वऱ्हाडातच घडला होता. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या, आता वाशीममध्ये असलेल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला. पोटीन नावाच्या मिश्रधातूची सुमारे दीड हजार नाणी, दिसायला अगदी साधी. वा. वि. मिराशींनी ती वाचली तेव्हा त्यांवर असे काही सातवाहन राजे निघाले ज्यांची नावं पुराणांच्या याद्यांमध्येही नव्हती. तो साठा भंगारात गेला असता तर ते राजे इतिहासाला कळलेच नसते. जमिनीत सापडलेल्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्या परदेशी नेता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. सोन्यात मढवलेलं वाघनख किंवा हस्तिदंती डबी कुणी कितीही ‘आजोबांच्या वेळची’ म्हणून दाखवली, तरी वन्यजीव कायद्यानुसार तिची विक्री गुन्हा आहे. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तरी असला सौदा करू नये.

तेव्हा पुढच्या प्रदर्शनाला जाताना खिशात एक भिंग ठेवा आणि गर्दी जमण्याआधी पोचा. विकणाऱ्याला भाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: हे कशाचं आहे, कुठे घडलं, कसं घडलं. जो उत्साहाने सांगेल त्याच्याकडून काहीतरी घ्या, अगदी दहा रुपयांचा सुटा मणी का होईना. आणि घरी आल्यावर त्याने सांगितलेलं कागदावर लिहून ते वस्तूसोबतच ठेवा. नोंद असलेली वस्तू वारसा होते. नोंद नसलेली शेवटी मोडीत जाते.